बंदुकीची दारू घरात ठेवताना



रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी कोकणात आजही काही घरांत परवान्याची ठासणीची बंदूक आहे. बंदूक आपण पुसून खुंटीला लावतो, पण तिची दारू कुठे ठेवली आहे? सोरा, गंधक आणि कोळसा यांचे हे काळे मिश्रण एका ठिणगीने भडकते.

दारू परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्या आणि परवान्यात नमूद असेल तेवढीच बाळगा. घरी दारू तयार करणे हा गुन्हा तर आहेच, शिवाय जिवाशी खेळ आहे.

दारू मूळ डब्यातच, कुलूपबंद लाकडी पेटीत, कोरड्या खोलीत ठेवा. चूल, देवघरातील समई आणि विजेची बटणे यांपासून ती दूर असावी. लोखंडी नळीत किंवा जड भांड्यात कोंडू नका. कोंडलेली दारू पेटली की स्फोट होतो. केपा वेगळ्या जागी ठेवा. किल्ली मुलांच्या हाती लागू देऊ नका.

पावसाळ्यात विशेष जपा. सोरा पाण्यात विरघळतो, म्हणून भिजलेली दारू वाळली तरी पूर्वीसारखी राहत नाही. ती चुलीजवळ किंवा तव्यावर सुकवण्याचा मोह टाळा. विक्रेत्याला किंवा पोलीस ठाण्याला विचारा.

बार काढल्यावर नळीत निखारा राहू शकतो. म्हणून डब्यातून थेट नळीत दारू ओतू नका. मापाने वेगळी काढा आणि डबा आधी बंद करा.

आणखी एक, बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. रानडुकराबाबत आधी वनखात्याला विचारा. पीक पुन्हा घेता येते, माणूस नाही.