फोडात दोरा ओवू नका

लोणंदचा मुक्काम. माउलींची पालखी आळंदीहून निघून आठवडा झालेला. राहुटीबाहेर साठीचे एक वारकरी पाय पसरून बसले होते. डाव्या टाचेवर रुपयाएवढा फोड, त्यातून आरपार गेलेला काळा दोरा, आणि बाहेर लोंबणारी त्याची चिखलाने माखलेली दोन टोकं.

“माउली, हा दोरा काढू का?”

“राहू द्या की. पाणी वाहून जातंय त्यातनं.”

हे उत्तर मी दर आषाढीला ऐकतो. जवळपास प्रत्येक दिंडीत सुई-दोऱ्याची डबी बाळगणारं एखादं जाणतं माणूस असतं. भावना सेवेचीच असते, पण या सेवेने पाय बिघडतो. म्हणून यंदाच्या वारीआधी हे एकदा नीट समजून घ्या.

फोड का येतो? पाऊल पुढे जातं तेव्हा आतलं हाड सरकतं आणि कातडी चपलेला धरून मागे राहते. हजारो पावलं ही ओढाताण झाली की कातडीचे वरचे थर एकमेकांपासून सुटतात आणि मधल्या जागेत पाणी भरतं. हे पाणी घाण नसतं, रक्तातूनच पाझरलेलं असतं. वरची कातडी फाटलेली नसेल तोवर आत जंतूंना वाट नाही. त्याहून चांगली पट्टी कुठल्याही दुकानात मिळणार नाही.

दोरा ओवला की या पट्टीला दोन भोकं पडतात आणि दोऱ्यामुळे ती उघडीच राहतात. समईतली वात तेल वर ओढते, तसाच दोरा आतलं पाणी बाहेर ओढतो, हे खरं. पण वाटेवरच्या चिखलाचं पाणीही तो तितक्याच इमानाने आत नेतो. पुढे पू, सूज, ताप. मधुमेह असलेल्याच्या बाबतीत तर पाय गमावण्यापर्यंत वेळ येऊ शकते.

यावर ठरलेलं उत्तर येतं : “आमचे आजोबा असंच करायचे, त्यांना काही झालं नाही.” अहो, ज्यांना झालं ते पुढच्या वर्षी दिंडीत आले का, हे कधी विचारलंत?

मग करायचं काय? लहान फोड फोडूच नका. त्यावर पट्टी लावा. मोठा आणि ठणकणारा असेल तर हात आणि फोड साबणाने धुवा, स्पिरिटने पुसलेल्या सुईने कडेला बारीक छिद्र पाडा, पाणी हलकेच दाबून काढा. वरची कातडी कापू नका. त्यावर पेट्रोलियम जेली आणि स्वच्छ पट्टी लावा. अमेरिकन अकॅडमी ऑफ डर्मेटॉलॉजीचा सल्लाही हाच आहे. मधुमेह असेल तर मात्र सुई स्वतः लावू नका, डॉक्टरांकडेच जा. लाली पसरली, पू झाला किंवा ताप आला, तर कुणीही पुढचा मुक्काम गाठण्याची वाट पाहू नये.

फोड येऊच नये यासाठीचा उपाय तर फारच स्वस्त आहे : जखमेच्या पट्टीवर लावतात ती कागदी चिकटपट्टी, म्हणजे मायक्रोपोर. २०१६ मध्ये ‘क्लिनिकल जर्नल ऑफ स्पोर्ट मेडिसिन’मध्ये एक चाचणी प्रसिद्ध झाली. सुमारे २५० किलोमीटरच्या टप्प्याटप्प्याच्या शर्यतीत धावणाऱ्या १२८ जणांच्या एकाच पायाला ही पट्टी लावली होती. पट्टीच्या जागी फोड सुमारे ४० टक्क्यांनी कमी आले. आळंदी ते पंढरपूर हे अंतरही जवळपास तेवढंच आहे. पहाटे पाय कोरडे करून टाच, चवडा आणि बोटांना ती सपाट, सुरकुती न पडू देता लावा.

आता बाकीचे गैरसमज.

“वारीसाठी नवे बूट घ्यावेत.” घ्या, पण दोन महिने आधी, आणि ते घालून रोज चाला.

“चालायची सवय वाटेत होते.” दिवे घाटाचा, तीस किलोमीटरहून मोठा टप्पा सुरुवातीलाच येतो; सवय घरून न्यावी लागते.

“ओले मोजे चालता चालता वाळतात.” ओलसर कातडीवर घर्षण वाढतं, विसाव्याला मोजे बदला.

“अनवाणी चाललं की फोड येत नाहीत.” तापलेल्या डांबरानेही येतात, मधुमेह असेल तर अनवाणी चालूच नका.

“टाच दुखते म्हणजे हाड वाढलंय.” हाड वाढूनही न दुखणाऱ्या टाचा पुष्कळ असतात, दुखणं बहुधा तळव्याच्या ताणलेल्या पडद्याचं असतं, त्याला पोटरीचे ताण-व्यायाम लागतात.

“सकाळीच वेदनाशामक गोळी घेतली की दिवस निघतो.” उपाशीपोटी ती जठराला बाधते, शरीरात पाणी कमी असेल तर मूत्रपिंडालाही.

लोणंदच्या त्या माउलींनी शेवटी दोरा काढू दिला. पाय धुतला, पट्टी लावली. तेवढ्यात डबीवाल्या काकूही येऊन बसल्या आणि सगळं नीट विचारून घेतलं. आपल्या दिंडीतल्या डबीत यंदा कागदी पट्टीचे दोन रोल टाका. दोरा राहू द्या, पिशवीचा बंद तुटला तर शिवायला लागेल.