शाळेचा खाडा आणि कॉलेजचा प्रवेश

दिवाळी झाली की कापूस फुटतो, वेचणीला बाई मिळत नाही आणि घरातल्या शिकत्या पोरीकडे नजर जाते. "चार दिवस शाळा बुडली तर काय बिघडतं?" असे आपण सहज म्हणून जातो. दहावी-बारावीच्या वर्षी काय बिघडते, ते नीट समजून घ्या.

आधी एक धास्ती मनातून काढा. कॉलेजात प्रवेश देताना शाळेचा हजेरीपट कोणी मागत नाही. अकरावीला दहावीचे गुण पाहतात. पुढे बारावीचे गुण, आणि इंजिनिअरिंग किंवा कृषी पदवीला सीईटीही. गुणपत्रिकेवर खाडे छापलेले नसतात.

मग अडते कुठे? त्याआधीच्या उंबरठ्यावर. बोर्डाच्या परीक्षेला नियमित विद्यार्थी म्हणून बसायचे, तर ७५ टक्के हजेरी लागते. शाळा २०० दिवस भरली, तर १५० दिवस हजर हवे. उरले ५०. त्यातच तापाचे दुखणे आले, घरचे लग्न आले, पावसात न आलेली एस.टी. आली. वर महिनाभर वेचणी झाली, तर शिल्लक काय राहिले?

दुसरी गोष्ट गुणांची. दहावीच्या बहुतेक विषयांत १०० पैकी २० गुण तोंडी, प्रात्यक्षिक वा अंतर्गत कामाचे असतात. बारावी विज्ञानाला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्रात प्रत्येकी ३० गुण प्रात्यक्षिकांचे. प्रयोग घरी पुस्तक वाचून येत नाही. आणि प्रवेशाच्या यादीत एकेका गुणाने नाव मागे पडते.

मूल खरोखर आजारी असेल, तर मुख्याध्यापकांना लगेच कळवा, डॉक्टरांचा दाखला जपून ठेवा. योग्य कारण असेल तर शाळेमार्फत बोर्डाकडे सवलत मागता येते. शाळा सुटलेल्यांसाठी १७ नंबरचा फॉर्म आहे. पण तो परीक्षेच्या कितीतरी महिने आधी भरावा लागतो. ऐन फेब्रुवारीत ती वाट उघडी नसते.

ऊसतोडीला जाणाऱ्यांनी मुलांना फडावर नेण्याआधी वसतिगृहाची चौकशी करावी. अशा मुलामुलींसाठी शासनाने २०२१ साली संत भगवानबाबा वसतिगृह योजना आणली आहे.

मजुरांचे खाडे आपण कॅलेंडरवर मांडतोच. त्याच कॅलेंडरवर पोरीच्या शाळेचेही मांडा. आकडा तिसाच्या पुढे गेला, तर वेचणी दोन दिवस मागे ढकला, शाळा नको.