महांकाळची आठ अक्षरं

मार्चअखेरीला होस्टिंगच्या नूतनीकरणाचं बिल आलं. पेढीच्या मालकांच्या मुलानं फोनवरच सांगून टाकलं, "काका, बंद करा आता ते. दर आम्ही ग्रुपवर टाकतोय की." अठरा वर्षं सांभाळलेली वेबसाइट आणि तिच्या पोटातला ‘दर’ नावाचा कुलूपबंद फोल्डर अर्ध्या मिनिटात मोडीत निघाला. राग आला. बिलाचा आकडा बघता पोरगं चुकत नव्हतं, म्हणून जास्तच आला.

हे कुलूप काही आमच्या कवठे महांकाळात घडलेलं नाही. अपाची हा वेब सर्व्हर १९९५ सालचा. फोल्डरमध्ये डॉट एचटीअ‍ॅक्सेस नावाची चार ओळींची फाइल ठेवून दार लावायची रीत त्याच्याही आधीच्या, एनसीएसएच्या सर्व्हरपासूनची. त्याच १९९५ च्या १५ ऑगस्टला व्हीएसएनएलनं आपल्याकडे लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं. पुढची दहा वर्षं आमच्या तालुक्यापुरती नेट कॅफेत निकाल बघण्यात आणि एमएस-सीआयटीचं सर्टिफिकेट मिळवण्यात गेली. त्यात रमण्यासारखं काही नाही.

माझा काळ २००६ ते २०१५. मिरज-पंढरपूर रस्त्याला लागून एक गाळा, एक इन्व्हर्टर, भिंतीवर भारनियमनाचं वेळापत्रक. शेअर्ड होस्टिंग म्हणजे चाळच. एका सर्व्हरवर शेकडो बिऱ्हाडं. सर्व्हरच्या मुख्य सेटिंगला हात लावायचा हक्क मालकाचा, पण आपल्या खोलीला आपलं कुलूप घालता यायचं. पॅनेलमध्ये फोल्डर निवडायचा, नाव आणि पासवर्ड टाकायचा. पॅनेल दोन फाइली तयार करायचं. एकीत कुलूप, दुसरीत माणसांची नावं. तिसरं काही लागत नव्हतं, डेटाबेससुद्धा नाही.

पेढी बेदाण्याची. तासगाव-सांगलीचे सौदे उरकले की परगावच्या खरेदीदारांचे फोन सुरू व्हायचे. हिरवा काय भावानं गेला, पिवळ्याचं काय, काळ्याला कुणी विचारलं का, शीतगृहात पेट्या किती. मुनीमजींचा घसा बसायचा. मी म्हणालो, रोजची यादी फोल्डरमध्ये टाकू. ज्याला चावी देऊ तोच बघेल. खरेदीदार सौद्याला येतील तसे माझ्या गाळ्यावर आले. एकेकानं माझ्या कीबोर्डवर एका बोटानं आपला पासवर्ड दाबला. तेवढा वेळ मी रस्त्याकडं बघायचो.

फोल्डर उघडताना येणाऱ्या करड्या चौकटीत आपल्याला हवी ती एक ओळ लिहिता यायची. मराठीत लिहिली तर नुसती प्रश्नचिन्हं उमटली. मग इंग्रजी लिपीत लिहिलं, ‘फक्त आपल्या माणसांसाठी’. क्रोमनं पुढं ही ओळ दाखवायचंच बंद केलं. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

कुलूप कच्चं होतं, ते कबूल. पासवर्ड बेस सिक्स्टीफोरमध्ये गुंडाळून जायचा, म्हणजे पातळ कागदात. वाटेत कुणी बघायचं म्हटलं तर सहज दिसावा. बाहेर पडायचं बटण नाही, ब्राउझर बंद केला तरच दार बंद. पण खरा दणका बसला तो २००९ मध्ये. पेढीवरचा एक कारकून काम सोडून दुसऱ्या अडत्याकडं गेला. मुनीमजींनी लगेच मला पेढीचा पासवर्ड बदलायला लावला. आधी होता ‘महांकाळ२००८’, इंग्रजीत, नवा ‘महांकाळ२००९’. कल्पनाशक्तीबद्दल मी काही बोललो नाही. चार दिवसांनी मुनीमजींचा फोन. "अहो, जुनाच चालतोय की! तो तिकडं बसून आपले दर वाचतोय."

मी खोटं ठरवलं. मग स्वतः टाकून बघितला. उघडलं! रात्र गेली, तेव्हा उलगडा झाला. आमच्या होस्टिंगवाल्याचं पॅनेल पासवर्ड जुन्या क्रिप्ट पद्धतीनं साठवत होतं, आणि ती पद्धत पहिली आठच अक्षरं बघते. पुढं काहीही लिहा, तिच्या लेखी ते नाहीच. महांकाळचं इंग्रजी स्पेलिंग मोजून आठ अक्षरांचं. म्हणजे इतके दिवस पेढीला राखत होतं ते नुसतं गावाचं नाव, आणि ते तर एसटीच्या पाटीवर लिहिलेलं!

होस्टिंगवाल्याला लिहिलं. उत्तर आलं की पासवर्ड मजबूत ठेवावा. याच मंडळींनी पुढं एकदा न कळवता आमचं खातं दुसऱ्या डिस्कवर हलवलं. कुलपाच्या फाइलीत नावांच्या फाइलीचा पूर्ण पत्ता असतो. ‘होम’चं ‘होम२’ झालं आणि ऐन सौद्याच्या संध्याकाळी सगळ्यांना पाचशे नंबरची एरर. माझ्याच फाइलीत चूक आहे म्हणाले. ते उत्तर मी अजून जपून ठेवलंय.

नंतरचं सगळ्यांना ठाऊक आहे. २०१६ पासून लेट्स एन्क्रिप्टमुळं वाटेतली नजर अडवणारं सर्टिफिकेट फुकट झालं, म्हणजे आमचं कुलूप पक्कं झालं ते गिऱ्हाईक उठून जायच्या वेळी. जुलै २०१८ मध्ये क्रोम एचटीटीपीवरच्या प्रत्येक साइटला असुरक्षित म्हणू लागला. २०१९ मध्ये होस्टिंगचं पॅनेल बनवणाऱ्या सीपॅनेलनं खात्यांच्या संख्येवर दर लावले आणि स्वस्त होस्टिंगचे दिवस संपत आले. आता दर ग्रुपवर. ग्रुपात कोण आहे ते विचारलं तर मालकांचा मुलगा म्हणाला, "असतील दोनशे-अडीचशे." परवा दरांची यादी मला माझ्या मेहुण्यानं पुढं पाठवली. त्याचं जतला पंक्चरचं दुकान आहे.

खातं बंद करायच्या आधी झिप उतरवून घेतली. नावांची फाइल उघडली. अकरा ओळी, नाव, पुढं विसर्गाची दोन टिंबं, आणि पुढं न वाचता येणारी अक्षरं. त्यांतले तिघं आता नाहीत. पासवर्ड काय ठेवले होते कुणास ठाऊक. मी रस्त्याकडं बघत होतो.