घरबसल्या मिळकत आणि मातेची सवड

घरी राहून, मुलांकडे लक्ष ठेवून, सवडीप्रमाणे चार पैसे मिळवावेत, ही मातांची इच्छा आपल्या समाजात नवीन नाही. शिवण, पापड-लोणची, शिकवणी, बिड्या वळणे, जेवणाचे डबे ही तिची जुनी रूपे होत. अलीकडे संगणकावरील नोंदणीची कामे आणि मोबाईलवरून मागणी घेऊन केलेली विक्री यांची त्यांत भर पडली आहे. या सर्वांना ‘लवचीक’ हे विशेषण सरसकट लावले जाते. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने या विशेषणापाशी थोडे थांबावयास हवे. कारण त्याच्या पोटात दोन निराळ्या गोष्टी दडलेल्या आहेत. एक, कामाची वेळ स्वतः ठरविण्याची मोकळीक. आणि दुसरी, मिळकत केव्हाही कमीजास्त होण्याची शक्यता. पहिली मातेला हवी असते. दुसरी तिला नको असते, परंतु बहुधा पहिलीच्या जोडीने ती पदरात पडतेच. या दुसरीचा भार कोणी सोसावयाचा, हाच खरा प्रश्न होय. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील तीन घरगुती व्यवसायांच्या आधारे त्याचा विचार केला आहे.

प्रथम सवडीविषयी. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०२४ साली केलेल्या कालविनियोग पाहणीनुसार, विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्या कामात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे वेळ जात होता. असे काम करणाऱ्या पुरुषांचा ८८ मिनिटे. मुले, वृद्ध व आजारी यांची देखभाल करणाऱ्यांमध्ये हे आकडे अनुक्रमे १३७ व ७५ मिनिटे होते. हे आकडे ते ते काम करणाऱ्यांपुरतेच आहेत, सर्व स्त्रीपुरुषांचे नव्हेत, हे विसरता कामा नये. या पाहणीत दिवसाचे अर्ध्या अर्ध्या तासाचे भाग पाडतात, आणि एका भागात एकाहून अधिक कामे झाली असल्यास त्यांपैकी एक मुख्य धरतात. मांडीवर सूप घेऊन बिड्या वळणारी, एक डोळा चुलीवर आणि दुसरा रांगत्या मुलावर ठेवणारी स्त्री या चौकटीत बसविणे किती कठीण आहे हे सांगावयास नको. तिची ‘सवड’ म्हणजे रिकामा वेळ नव्हे. ती एका कामाच्या अंगावर चढविलेली दुसरी कामगिरी असते.

आता सोलापूरकडे वळू. या शहरात पुरुष मागावर आणि स्त्रिया बिडीकामावर, अशी श्रमविभागणी अनेक कुटुंबांत दीर्घकाळ दिसत आली. त्यांत तेलुगू भाषक पद्मशाली स्त्रियांचे प्रमाण मोठे आहे. कामाची रीत साधी आहे. कारखान्याच्या शाखेतून तेंदूची पाने, तंबाखू व दोरा घ्यावयाचा. पाने भिजवून मापाप्रमाणे कात्रीने कापावयाची. तंबाखू भरून वळावयाचे, दोरा बांधावयाचा, तोंड दुमडावयाचे. आणि तयार माल पुन्हा शाखेत नेऊन मोजून द्यावयाचा. मजुरी हजार बिड्यांमागे. मधल्या काळात केव्हा वळावे याला बंधन नाही. मूल झोपले की वळावे, रात्री जेवणे उरकल्यावर वळावे. इतकी मोकळीक गिरणीत नाही, कचेरीत नाही आणि शेतावरही नाही, ही गोष्ट मान्य केलीच पाहिजे. तिची थट्टा करणाऱ्यांनी तान्ह्या मुलाच्या आईसाठी दुसरे कोणते काम त्या वस्तीत उपलब्ध आहे, ते दाखवून द्यावे.

परंतु हिशेब पुढेच आहे. उदाहरणादाखल असे समजू की, हजार बिड्यांचा दर आठ तासांच्या किमान वेतनाइतकाच ठरविलेला आहे. कागदावर हा दर निर्दोष आहे. आता हजार बिड्या वळण्यास सात तास, पाने भिजविणे-कापणे व दोरा तयार ठेवणे यांस तीन तास, आणि शाखेत जाणे, रांगेत उभे राहणे व माल मोजून देणे यांस दोन तास लागतात असे धरा. एकूण बारा तास झाले. त्यांत पन्नास बिड्या निकृष्ट म्हणून नापास झाल्या, तर मजुरी साडेनऊशेचीच मिळणार. म्हणजे आठ तासांमागे पडलेली मिळकत ठरलेल्या वेतनाच्या सुमारे ६३ टक्के होते. दर कोणी कमी केलेला नाही. कायदा उघडपणे मोडलेला नाही. तरी एक तृतीयांशाहून अधिक वेतन वाटेतच नाहीसे झाले. ही संख्या कल्पित आहे, परंतु गळतीच्या जागा कल्पित नाहीत. पाने कापण्याचे काम घरातील दहा वर्षांच्या मुलीने केले, तर आईचे तास कमी दिसतात आणि तिची तासागणिक मिळकत वाढलेली भासते. १९८६ च्या बालकामगार कायद्याच्या परिशिष्टात बिडीकामाचा समावेश होता. मात्र कुटुंबाच्या साहाय्याने चालणाऱ्या कामाच्या जागेला त्यातून सूट होती. ज्या घरात आई सवडीने काम करते, नेमके तेच घर कायद्याच्या नजरेआड राहिले.

नापास झालेल्या बिड्यांच्या या प्रश्नाला एक अनपेक्षित कायदेशीर वळण मिळाले, आणि ते मोठे उद्बोधक आहे. घरी काम करणारी स्त्री ही ‘कामगार’ की स्वतंत्र कारागीर, हा वाद जुना होता. १९४८ च्या किमान वेतन कायद्याने बाहेर माल नेऊन काम करणाऱ्यास आपल्या व्याख्येत घेतले होते. १९६६ च्या बिडी व सिगार कामगार कायद्याने घरी बिड्या वळणाऱ्यास स्पष्टपणे कामगार मानले आणि १९६१ चा प्रसूतिलाभ कायदाही तिला काही फेरफारांसह लागू केला. पुढे १९७७ साली भविष्यनिर्वाह निधीची योजना या उद्योगाला लागू झाली, तेव्हा कारखानदारांचे म्हणणे असे पडले की, घरी काम करणाऱ्या स्त्रीवर आमची देखरेखच नसते. ती केव्हा बसते, केव्हा उठते, हे आम्हांस ठाऊक नाही. सबब ती आमची नोकर नव्हे. १९८५ साली पी. एम. पटेल अँड सन्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा युक्तिवाद फेटाळला. कच्चा माल देणे आणि तयार माल नापास करण्याचा अधिकार हाती ठेवणे, यांतच पुरेसे नियंत्रण आहे, असा त्या निर्णयाचा आशय होता. ज्या अधिकाराने तिची मजुरी कापली जात होती, त्याच अधिकारामुळे ती भविष्यनिर्वाह निधीची हक्कदार ठरली! वेळेची मोकळीक असणे आणि नियंत्रण नसणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हे तत्त्व येथे प्रथमच इतक्या स्वच्छपणे पुढे आले असे आम्हांस वाटते.

पापडाच्या व्यवसायाची घडण निराळी आहे. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातील लोहाणा निवास या इमारतीच्या गच्चीवर सात स्त्रियांनी ८० रुपयांच्या कर्जावर पापड लाटण्यास आरंभ केला. त्यातून उभी राहिलेली ‘श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड’ ही संस्था सर्वांना परिचित आहे. जसवंतीबेन पोपट या त्या सातांपैकी एक. त्यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. येथेही मजुरी नगावर वा वजनावरच असते: सकाळी शाखेतून मळलेले पीठ न्यावयाचे, आदल्या दिवशीचे वाळलेले पापड द्यावयाचे आणि मजुरी घेऊन घरी परतावयाचे. कामाची रीत बिडीसारखीच. फरक मालकीत आहे. पापड लाटणारी भगिनी ही संस्थेची सभासद असते, नफ्यात तिचा वाटा असतो आणि पीठ मध्यवर्ती व्यवस्थेतून येत असल्याने कच्च्या मालाच्या दोषाचा भुर्दंड तिच्या माथी बसत नाही. विक्री मंदावली, तर त्याची झळ सर्वांमध्ये विभागली जाते. तथापि या व्यवस्थेचे गुणगान करताना एक बाब सहसा सुटते. पापड लाटण्यास व वाळविण्यास स्वच्छ आणि पुरेशी जागा लागते. ज्यांच्याकडे ती नाही, त्यांना पीठ मळणे, पुडे बांधणे ही शाखेतील कामे करता येतात. परंतु मग ते घरबसल्या काम राहत नाही. दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसांसह राहणाऱ्या मातेपुढचा पेच येथे सुटत नाही. घर हे उत्पादनाचे साधन आहे आणि त्याचे भाडे मजुरीत धरलेले नसते, ही गोष्ट पापडामुळे जितकी उघड होते तितकी बिडीमुळे होत नाही.

तिसरा व्यवसाय गिरणगावातील खाणावळींचा. कोकणातून व घाटावरून एकट्याने आलेल्या गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या स्त्रिया स्वतःच्या मालक होत्या. त्यांचा माल नापास करणारा कोणी नव्हता. परंतु वेळेची मोकळीकही त्यांना नव्हती, कारण पाळी सुटली की ताट तयार हवे. शिवाय कामगार महिन्याने पैसे देणार आणि वाणी उधारीवर व्याज लावणार, या दोहोंमधील अंतर त्या स्वतः भरून काढीत. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी स्थापन केलेल्या अन्नपूर्णा महिला मंडळाने नेमके हे अंतर ओळखले व राष्ट्रीयीकृत बँकांचे कर्ज त्यांना मिळवून दिले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगारांचे वेतन थांबले. जेवण मात्र एका दिवसात थांबत नाही. उधारीच्या वहीतील त्या आकड्यांची वसुली पुढे कोणाकडून करावयाची, हा प्रश्न मालक म्हणविणाऱ्या या स्त्रियांच्या वाट्याला आला. मालकी हाती असणे पुरेसे नाही. जोखीम एकटीची असेल तर मालकी हे तिचेच दुसरे नाव ठरते.

मोबाईलवरून मागणी घेऊन डबे देणारी आजची गृहिणी या तिन्ही व्यवसायांचे मिश्रण आहे. गुणांकन व तक्रारी यांच्या रूपाने नापास करण्याचा अधिकार दुसऱ्याकडे, भांडवल व स्वयंपाकघर मात्र तिचे. याउलट २०१७ साली प्रसूतिलाभ कायद्यात दुरुस्ती होऊन, रजेनंतर कामाचे स्वरूप अनुकूल असल्यास उभयपक्षी संमतीने घरून काम करण्याची जी तरतूद झाली, ती पगारदार स्त्रीसाठी होती. तिची वेळ लवचीक होते, पगार होत नाही. दोन्ही प्रकारांना आपण एकाच शब्दाने संबोधतो.

या विषयावर क्षेत्रीय पाहणी करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी शेवटी एक व्यावहारिक सूचना. ‘दिवसाला किती तास काम करता?’ या प्रश्नाचे उत्तर बहुतेक स्त्रिया ‘थोडेफार, सवडीप्रमाणे’ असेच देतात, आणि ते खोटे नसते. त्याऐवजी कालचा दिवस पहाटेपासून क्रमाने विचारावा. माल किती नेला, किती दिला आणि किती नापास झाला, हे कार्डावरून स्वतः उतरून घ्यावे. पाने कोणी कापली, दिव्याचे बिल कोण भरते, मूल आजारी पडले त्या आठवड्यात किती मजुरी आली, याची नोंद निराळी ठेवावी. आणि शक्य असल्यास दुपारी जाऊ नये. रात्री जेवणे झाल्यावर, कुटुंबाच्या परवानगीने जावे, कारण सुपे त्या वेळी बाहेर निघतात.