मढवलेली रेल

तबला मढवतात, ढोलकी मढवतात, तशी पूल टेबलची रेलही मढवावी लागते. फरक एवढाच, की तबल्याची पुडी बसवल्यावर गट्टे वर-खाली करून, कडेवर हातोडीचे हलके ठोके देऊन ताण जुळवून घेता येतो. रेलवर ती सोय नाही. कापड खालच्या बाजूने एकदा पिनांनी जखडलं, की जे बसलं ते बसलं. पसंत नसेल तर सगळ्या पिना उपटायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची.

खेळणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही. त्याला दिसते ती टेबलाच्या चारी बाजूंनी गेलेली, इस्त्री केल्यासारखी सपाट हिरवी किंवा निळी पट्टी. ती सपाट आहे हेही तो सहसा बघत नाही. ती सपाट नसेल, तेव्हा मात्र लगेच कळतं.

रेल टेबलाभोवती अखंड नसते, तिचे सहा तुकडे असतात. दोन आखूड बाजूंना एकेक आणि लांब बाजूंना मधल्या पॉकेटमुळे दोन-दोन. प्रत्येक तुकड्याचा सांगाडा लाकडाचा. त्याच्या आतल्या कडेला जवळपास त्रिकोणी छेदाची रबराची पट्टी चिकटवलेली असते, तीच कुशन. अमेरिकी पद्धतीच्या टेबलांवर के-६६ नावाच्या आकाराचं रबर सर्रास दिसतं. त्याच्या पुढे आलेल्या टोकाला कारागीर 'नाक' म्हणतात, आणि खेळाचा बराचसा हिशेब या नाकाच्या उंचीवर चालतो. नियमानुसार ती बॉलच्या व्यासाच्या ६३.५ टक्के असावी लागते, एखादा टक्का इकडे-तिकडे. पूलचा बॉल ५७.१५ मिलिमीटरचा, म्हणजे नाक टेबलाच्या पृष्ठभागापासून सुमारे ३६ मिलिमीटरवर. बॉलचा मध्य असतो साडेअठ्ठावीसवर. नाक मध्याच्या जरा वर लागतं म्हणून आदळलेला बॉल उसळत नाही, टेबलाला धरून परततो. फार खाली असतं तर बॉल उडाला असता, फार वर असतं तर कापडात दाबला गेला असता.

हे रबर कायम नव्हतं. बिलियर्ड्स हिरवळीवरचा खेळ होता, तो घरात, टेबलावर आला. हिरवं कापड ही त्या गवताची आठवण. बॉल खाली पडू नये म्हणून सुरुवातीला कडेला नुसत्या भिंती होत्या. नदीच्या काठासारख्या दिसतात म्हणून इंग्रजीत त्यांना 'बँक' म्हणत, आणि रेलला आपटून मारलेला फटका आजही 'बँक शॉट'च आहे. पुढे या भिंतींवर कापडाच्या चिंध्या नाहीतर घोड्याचे केस भरून गादी केली गेली. लंडनच्या जॉन थर्स्टन या फर्निचर बनवणाऱ्याने १८२६ मध्ये टेबलाच्या कापडाखाली स्लेटची लादी घातली आणि १८३५ मध्ये रबराच्या कुशन आणल्या. पण थंडी पडली की ते रबर दगडासारखं घट्ट होई. खेळ सुरू करण्याआधी गरम पाण्याचे लांबट डबे कुशनला लावून ती शेकावी लागत. संधिवाताच्या गुडघ्यासारखं हे शेकणं थांबलं ते व्हल्कनाइझ केलेलं रबर आल्यावर. चार्ल्स गुडइयरला ती युक्ती १८३९ मध्ये सापडली आणि १८४५ पासून थर्स्टनने तिचा वापर सुरू केला. त्याच साली अमेरिकेत सिनसिनाटीला जॉन मोझेस ब्रन्सविक या स्विस स्थलांतरिताने आपला कारखाना काढला. त्याच कंपनीचं 'गोल्ड क्राउन' हे टेबल १९६१ मध्ये बाजारात आलं आणि पुढे कित्येक पूल हॉलमध्ये तेच प्रमाण मानलं गेलं.

कापडाबद्दल एक गैरसमज आधीच दूर केलेला बरा. त्याला कुणी मखमल म्हणतं, तर इंग्रजी बोलणारे सर्रास 'फेल्ट' म्हणतात. ते दोन्ही नाही. फेल्ट म्हणजे दाबून केलेला लोकरीचा थर. त्यात ताणा नाही, बाणा नाही. टेबलाचं कापड मात्र रीतसर विणलेलं असतं. पूलसाठी उत्तम समजलं जातं ते वर्स्टेड, म्हणजे विंचरलेल्या लांब तंतूंच्या पिळदार सुताचं, वर जवळजवळ लव नसलेलं. बेल्जियममधल्या व्हेर्व्हिए या लोकरीच्या गावात १६८० पासून असलेली सिमोनिस ही गिरणी याच कापडासाठी ओळखली जाते. तिचं ८६० क्रमांकाचं कापड जगभरच्या स्पर्धांत दिसतं. स्नूकरच्या कापडाला लव असते आणि ती एकाच दिशेने झोपवलेली असते. पूलमध्ये ती भानगड नाही. तरी टेबलाचं मोठं कापड आणि रेलच्या सहा पट्ट्या एकाच ताग्यातून कापलेल्या असल्या तर उत्तम, नाहीतर रंगाची छटा फसवते.

आता मुख्य काम. बोल्ट काढून रेल सुटी करायची आणि बाकावर ठेवायची. जुन्या पिना एकेक करून उपटायच्या. हे कंटाळवाणं काम आहे, पण अर्धी तुटलेली पीन आत राहिली तर नवं कापड तिथेच फाटतं. रबर याच वेळी तपासून घेतात. नखाने दाबल्यावर ते दबून परत आलं तर ठीक. कडक लागलं, चिरा दिसल्या, तर मृत रबरावर महागडं कापड चढवण्यात अर्थ नाही.

रेलच्या माथ्यावर, जिथे पॉलिश केलेलं लाकूड संपतं आणि कापड सुरू होतं, तिथे लांबीभर एक अरुंद खाच असते. कापडाची कड खाचेवर ठेवून वरून एक पातळ लाकडी पट्टी ठोकली, की कापड आत पकडलं जातं. हिला फेदर स्ट्रिप म्हणतात. वरच्या बाजूला एकही खिळा नाही, गोंद नाही. कापड आधी उलटं ठेवतात, म्हणजे खेळायची बाजू खाली आणि कापडाचा सारा पसारा लाकडाकडे. फेदर स्ट्रिप बसली की तो पसारा उलटून रबरावरून पलीकडे न्यायचा. पिशवी उलटी शिवून सुलटी करतात, अगदी तसंच. शिवण आत जाते आणि वर फक्त स्वच्छ रेघ उरते.

हातोडी थेट पट्टीवर मारायची नाही, मध्ये लाकडाचा ठोकळा धरायचा. पट्टी लाकडाच्या पातळीला किंवा केसभर खाली बसली पाहिजे. वर राहिली तर हाताला लागते, फार खोल गेली तर खड्डा दिसतो. ती सैल असेल तर वर्षभरात कुठेतरी डोकं वर काढते. जास्तच जाड असेल तर लाकूड चिरण्याची भीती. मग रंधा घेऊन तिचं अंग थोडं उतरवायचं. दोन्ही टोकांना चार-चार बोटं पट्टी आधी मोकळी ठेवतात. मधला भाग बसला, की टोकाशी कापड लांबीच्या दिशेने ओढून धरायचं आणि मग उरलेली पट्टी ठोकायची. ही लांबीची ओढ विसरली, की पॉकेटजवळ चुण्या पडल्याच म्हणून समजा.

मग कापड रबरावरून खाली ओढून लाकडाच्या खालच्या अंगाला पिना मारायच्या. पूर्वी इथे चुका ठोकत. मराठी सुतार लहान खिळ्याला 'चूक' म्हणतो, आणि या कामात तो शब्द दोन्ही अर्थांनी चालतो. आता स्टेपल गन असते. सुरुवात मधून, मग डावीकडे-उजवीकडे आळीपाळीने. इथे नवखा माणूस हमखास फसतो. 'घट्ट' म्हणजे जोर, अशी त्याची समजूत असते. तो चिमटीत कापड धरतो, दात-ओठ खाऊन ओढतो आणि पीन मारतो. त्या जागी नाक दबतं, दोन पिनांच्या मध्ये ते न दबता राहतं, आणि प्रकाशात तिरकं पाहिलं की सरळ रेघेऐवजी लाटा दिसतात. जाणता कारागीर तळव्याने कापड पसरतो, पंजाभर रुंदीचा भाग एकदम धरतो आणि प्रत्येक वेळी तेवढंच ओढतो. ताण किती, यापेक्षा तो सगळीकडे सारखा आहे का, हे महत्त्वाचं. ढिलं कापड बॉलच्या धक्क्याने गोळा होतं आणि बॉलचा वेग खातं. अति ताणलेलं कापड नाक खाली ओढतं, आणि मग ३६ मिलिमीटरचा सगळा हिशेब फुकट.

खरी परीक्षा टोकाला. पॉकेटच्या तोंडाशी रबर तिरकं कापलेलं असतं आणि त्या कापावर रबराची एक चपटी पट्टी चिकटवलेली असते, तिला फेसिंग म्हणतात. कोपऱ्याच्या पॉकेटला हा काप नियमानुसार १४२ अंशांचा, मधल्या पॉकेटला १०४ अंशांचा. वरचा उतार, पुढचं नाक आणि बाजूचा काप असे तीन पृष्ठभाग एका बिंदूत मिळतात, आणि सपाट कापडाने ते तिन्ही झाकायचे असतात. कापड कुठेतरी जास्त होणारच. कारागीर त्याला फेसिंगवरून खाली वळवतो, जास्तीचं सगळं खालच्या अंगाला गोळा करतो आणि साडीच्या निरीसारखी एकच घट्ट घडी घालून तिथे पीन मारतो. नाकाजवळ कात्री लावायची नाही. तिथली एक चीर पुढे उसवतच जाते. फेसिंगवर सुरकुती राहिली तर पॉकेटच्या जबड्यात आपटणारा बॉल विचित्र वळतो, आणि पैज हरलेला माणूस नशिबाला दोष देत बसतो.

शेवटी खालचं उरलेलं कापड सुरीने कापायचं. घडीचा गोळा राहिला तर रेल स्लेटवर सपाट टेकत नाही, बोल्ट कितीही आवळले तरी.

आपल्याकडच्या जुन्या क्लबांत जी टेबलं आहेत, ती बहुतेक इंग्रजी घराण्याची. स्नूकर १८७५ मध्ये जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये जन्मला. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये कलकत्त्यात हौशी बिलियर्ड्सचे विश्वविजेते झाले, तेही अशाच मोठ्या टेबलावर. तिथे कुशनची टोकं तिरकी कापलेली नसतात, गोलाई घेऊन पॉकेटात वळतात. त्यामुळे कापडालाही त्या वळणावरून चुणी न पाडता फिरवावं लागतं. शिवाय लोकर हवेतला ओलावा पिते. जुलैत मुंबईच्या दमट हवेत बॉल जड चालतो तो उगाच नाही, आणि कोरड्या दिवसांत ताणलेलं कापड पावसाळ्यात जरा सैलावतं. किनारपट्टीवर रेल मढवणाऱ्याने हेही ध्यानात धरावं.

नवं कापड किती काळ नवं राहतं? नाकावर बॉल जिथे रोज घासतो, तिथे काही महिन्यांतच बारीक चकचकीत रेघ उमटते. ती झीज आहे, दोष नाही. दोष ओळखायचा तर पुढच्या वेळी पूल पार्लरमध्ये आपली पाळी येईपर्यंत मधल्या पॉकेटच्या तोंडाशी बोट फिरवून बघा. घडी बोटाला लागली, तर त्या टेबलावर पैज लावू नका.