बॅलीबकलबोचा दवाखाना

पॅट्रिक टेलर यांच्या कादंबरीमालेची सुरुवात एका धिंगाण्याने होते. नुकताच डॉक्टर झालेला बॅरी लॅव्हर्टी नोकरीसाठी बॅलीबकलबो या खेड्यात येतो. दवाखान्याचे दार उघडते आणि आतला दांडगा डॉक्टर एका रोग्याला उचलून गुलाबाच्या झुडपात भिरकावतो. रोग्याचा गुन्हा एवढाच, की तो पाय न धुताच दाखवायला आला. हे डॉक्टर फिंगल ओरायली. २००४ साली कॅनडात वेगळ्या नावाने निघालेले हे पुस्तक २००७ मध्ये ‘ॲन आयरिश कंट्री डॉक्टर’ म्हणून पुन्हा आले आणि मागोमाग डझनाहून अधिक भाग निघाले.

हसून झाल्यावर मला प्रश्न पडला : रोग्याला असा फेकणाऱ्या डॉक्टरचे पोट कसे चालते?

उत्तर भूगोलात आहे. हे काल्पनिक गाव काउंटी डाऊनमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या ताब्यातील उत्तर आयर्लंडमध्ये आहे. तिथे ५ जुलै १९४८ पासून सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली. डॉक्टरच्या यादीत नाव नोंदवलेल्या प्रत्येक माणसामागे सरकार ठरावीक रक्कम देई, मग तो आजारी पडो वा न पडो. रोग्याच्या खिशाशी डॉक्टरचा संबंध उरला नाही. सीमेपलीकडे मात्र १८५१ च्या कायद्याने आलेली गरिबांच्या ‘डिस्पेन्सरी’ची पद्धत १९७२ पर्यंत टिकली, गरिबाला डॉक्टर निवडण्याची मुभा नव्हती. ओरायली १९३०च्या दशकात डब्लिनच्या गरीब वस्तीत शिकला, हे ‘अ डब्लिन स्टुडंट डॉक्टर’ या भागात येते. तो भाग वाचल्याशिवाय त्याचा राग आणि त्याची माया दोन्ही नीट कळत नाहीत, असे माझे मत आहे.

दुसरा प्रश्न अवघड होता. या गावात कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट गुण्यागोविंदाने राहतात. बेलफास्ट तर हाकेच्या अंतरावर! टेलर यांना वास्तव ठाऊक नव्हते म्हणावे, तर १९४१ साली जन्मलेला हा माणूस त्याच काउंटीतल्या बँगरचा. बेलफास्टला वैद्यक शिकून १९७० मध्ये तो कॅनडाला गेला. आधीच्या पुस्तकांत त्याने बॉम्ब आणि बंदुकाच रंगवल्या होत्या. मग कथाकाळ म्हणून त्याने १९६४ चा उन्हाळा निवडला. त्याच वर्षी सप्टेंबरअखेरीस बेलफास्टच्या डिव्हिस स्ट्रीटवर, एका निवडणूक कचेरीच्या खिडकीतला तिरंगी आयरिश झेंडा पोलिसांनी काढल्यावरून दंगल पेटली. म्हणजे टेलर यांनी पेटण्याआधीचा अगदी शेवटचा उन्हाळा धरला. पूर्वी मी याला पळवाट म्हणत असे. आता तसे म्हणवत नाही.

कारण दवाखान्यात तरी ते खोटे नव्हते. डॉक्टरच्या यादीत धर्माला किंमत नव्हती. दोन्ही पंथांची माणसे एकाच बाकावर खोकत बसत. बाहेर मात्र स्थानिक निवडणुकीतले मत १९६९ पर्यंत घरपट्टी भरणाऱ्या कुटुंबापुरते होते. भाडेकरूच्या घरात राहणाऱ्या मोठ्या मुलाला ते नव्हते. म्हणून घरवाटप म्हणजे मतवाटप, आणि कॅथलिकांची तक्रार नेमकी तिथे होती. टेलर यांच्या गावात बर्टी बिशप हा नगरसेवक आहे : बांधकाम ठेकेदार, ऑरेंज लॉजचा म्होरक्या, कंजूष, फुगीर. लेखक त्याची भरपूर फजिती करतो आणि पुढे त्याला माणसाळवतोही. मी मात्र त्याचा प्रसंग आला की जरा हळू वाचतो.