तीस दिवसांची नोटीस आणि त्याआधीची वर्षे

घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली येथे राहणाऱ्या आपल्या कुटुंबांना वांद्रे दोन अंगांनी ठाऊक असते. रेल्वेच्या पश्चिमेस बँडस्टँड, कार्टर रोड आणि माउंट मेरीची टेकडी. महाविद्यालयात किंवा नोकरीच्या ठिकाणी ओळख झालेली तरुण मंडळी संध्याकाळी समुद्राकडे तोंड करून बसतात, ते हे वांद्रे. पूर्वेस जिल्हाधिकारी कार्यालय, कुटुंब न्यायालय आणि मुंबई उपनगर जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याची कचेरी. भिन्न धर्मांच्या दोघांनी आपापला धर्म न सोडता विवाह करावयाचे ठरविले, तर १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखालील नोटीस या कचेरीत द्यावी लागते. दोघांपैकी एकाचे जिल्ह्यात किमान ३० दिवस वास्तव्य असावे लागते. नोटीस सर्वांना दिसेल अशा जागी लावली जाते. ३० दिवसांत कायद्याला मान्य अशी हरकत आली नाही, तर तीन साक्षीदारांसमोर विवाह होतो. कायद्याला मान्य हरकती मोजक्याच आहेत : आधीचा जोडीदार हयात असणे, वय पूर्ण नसणे, संमती देण्याची मानसिक क्षमता नसणे, निषिद्ध नाते असणे. आईवडिलांची नापसंती त्यांत येत नाही.

अनेक घरांत ही गोष्ट आईवडिलांच्या कानी येते ती नोटीस लागल्यावर किंवा लागण्याच्या बेतात असताना. तोवर पश्चिमेकडची दोन-चार वर्षे उलटून गेलेली असतात. ज्या पेढीवर नव्या गिऱ्हाइकाला उधारीवर माल देण्याआधी चार ठिकाणी चौकशी होते, त्याच पेढीच्या घरात मुलगा किंवा मुलगी कोणाबरोबर वावरते, याविषयी दोन्ही बाजू वर्षानुवर्षे मौन पाळतात. मुले सांगत नाहीत, कारण उत्तर ठाऊक आहे असे त्यांना वाटते. वडीलधारे विचारीत नाहीत, कारण विचारले तर उत्तर ऐकावे लागेल. या मौनाच्या काळाविषयी येथे लिहावयाचे आहे. विवाहाच्या बाजूने किंवा विरुद्ध निवाडा देण्याचा हेतू नाही.

प्रथम एक जुनी गोष्ट. धर्मभिन्न विवाह आपल्याला नवे नाहीत. गुजरात-राजस्थानातील वणिक ज्ञातींत एकाच ज्ञातीची काही घरे श्रावक, काही वैष्णव असत आणि त्यांच्यात सोयरीक होत असे. अग्रवालांत तर जैन आणि वैष्णव यांच्यातील लग्ने आजही सर्रास होतात. वैष्णव घरची सून देरासरात जाऊ लागे, जैन घरची लेक सासरी ठाकोरजींची सेवा पाही आणि माहेरी आली की सामायिक करी. म्हणजे आपल्या पणजोबांनी सीमा आखली ती ज्ञातीची. धर्माची सीमा त्यांना ओलांडता येत होती. आज एखादे कुटुंब ‘धर्म वेगळा आहे’ म्हणून नकार देते, तेव्हा तो खरोखर धर्माचा नकार आहे की ज्ञातीचा, हे त्या कुटुंबाने स्वतःशी तपासून पाहण्यास हरकत नाही. दोन्हींची उत्तरे वेगळी निघू शकतात.

कायद्याचा इतिहास मात्र कठोर आहे, आणि जैनांचे नाव त्यात आरंभापासून आहे. १८७२ च्या विवाह कायद्याने नोंदणी विवाहाची सोय केली, ती केवळ अशांसाठी की जे आपण ख्रिस्ती, यहुदी, हिंदू, मुसलमान, पारशी, बौद्ध, शीख किंवा जैन धर्म मानीत नाही असे जाहीर करतील. परधर्मीयाशी विवाह करू इच्छिणाऱ्या श्रावकाला अधिकाऱ्यापुढे ‘मी जैन नाही’ असे लिहून द्यावे लागे. नवकार मुखोद्गत असलेल्या माणसाला हे लिहून द्यावे लागणे म्हणजे काय, याची कल्पना वाचकांनी करावी. नागपूरचे नामवंत कायदेपंडित हरिसिंग गौर यांच्या प्रयत्नाने १९२३ मध्ये दुरुस्ती झाली. हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन यांना आपसांत, धर्म न नाकारता, विवाह करता येऊ लागला. पण त्या दुरुस्तीची किंमतही ठरविण्यात आली होती. असा विवाह करणारा अविभक्त कुटुंबापासून तुटला असे कायदा मानी. त्याला दत्तक घेण्याचा अधिकार उरत नसे. आणि त्याच्या वडिलांना दुसरा मुलगा नसेल तर त्यांनी दत्तक घ्यावा, अशी मुभा कायद्याने दिली होती. मुलगा हयात असता बापाने दुसरा पुत्र घ्यावा, हे कलम मंजूर करणारे सभासद त्या काळी सुधारक म्हणविले जात होते.

१९५४ च्या कायद्याने धर्म नाकारण्याची अट काढून टाकली. दत्तकाविषयीचे ते कलमही गेले. पण अविभक्त कुटुंबापासून तुटण्याचे कलम राहिले, आणि व्यापारी घरांनी लक्ष द्यावे ते येथे. या कायद्याच्या कलम १९ नुसार हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन अविभक्त कुटुंबाच्या सभासदाने या कायद्याखाली विवाह केला, की तो त्या कुटुंबापासून विभक्त झाला असे मानले जाते. १९७६ मध्ये कलम २१-अ आले आणि वधू-वर दोघेही या चार धर्मांपैकी असतील तर हा परिणाम टळला. म्हणजे जैन मुलाने हिंदू मुलीशी नोंदणी विवाह केला तर एचयूएफ जसे आहे तसे राहते. तिचा धर्म ख्रिस्ती, इस्लाम किंवा पारशी असेल तर मुलगा त्या दिवसापासून विभक्त. ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीही सहदायाद आहेत, त्यामुळे हा प्रश्न लेकींनाही लागू होतो.

विभक्त याचा अर्थ बेदखल असा नव्हे. त्याचा हिस्सा त्याचाच राहतो, वडिलांच्या स्वकष्टार्जित मालमत्तेतील वारसाहक्कही जात नाही. पण दुकानाची जागा, गोदाम, ठेवी एचयूएफच्या नावावर असतील, तर हिस्सा किती आणि कसा, हा हिशेब लग्नाच्या तारखेशी जोडला जातो. याहूनही दूरचा परिणाम कलम २१ चा आहे. अशा विवाहितांचा वारसा १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याने ठरतो. मृत्युपत्र न करता मुलगा निवर्तला आणि मागे पत्नी व मुले असतील, तर पत्नीला एक तृतीयांश, मुलांना दोन तृतीयांश. हिंदू वारसा कायद्यात पहिल्या वर्गाची वारस असलेली आई येथे काहीही मिळवीत नाही. उतारवयातल्या आईचा आधार मुलावर असेल, तर मृत्युपत्र करून ठेवणे हे अशा घरात लग्नाइतकेच निकडीचे आहे. भेटीगाठी चालू असताना हा विषय काढणे रूक्ष वाटेल. पण ज्याला आपल्या घरच्या पेढीची रचना ठाऊक आहे, त्याने ती समोरच्या व्यक्तीला आधी समजावून सांगितली पाहिजे. नंतर सांगितली तर ती लपविल्यासारखी दिसते.

जैन आणि हिंदू यांच्या विवाहाविषयीही एक गोंधळ अलीकडे झाला. २०१४ मध्ये जैनांना राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाला. त्याचा आधार घेऊन इंदूरच्या कुटुंब न्यायालयाने २०२५ च्या आरंभी जैन दांपत्यांना हिंदू विवाह कायदा लागू होत नाही असे म्हटले. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने त्याच वर्षी मार्चमध्ये तो आदेश रद्द केला. १९५५ चा हिंदू विवाह कायदा जैनांना पूर्वीप्रमाणेच लागू आहे.

कायदा इतकाच. आता पश्चिमेकडच्या वर्षांकडे वळू.

श्रद्धा भिन्न असलेल्या दोघांत देवाच्या नावावरून वाद क्वचित होतो. वाद होतो तो ताटावरून आणि घड्याळावरून. इतर धर्मीय मित्राला आपला चौविहार म्हणजे आहाराची एक आवड वाटते, कांदा-लसूण वर्ज्य करणे ही पथ्याची बाब वाटते. आपल्यासाठी मात्र अहिंसा ताटातच उतरलेली असते. ताट सोडून धर्म शिल्लक राहतो, असे आपल्यापैकी फार थोडे म्हणतील. वांद्र्याच्या ईस्ट इंडियन किंवा गोवन घरात रविवारचे जेवण माशांशिवाय, मांसाशिवाय कल्पनेतही नसते, आणि तेही त्यांच्या घरपणाचा भाग आहे. हॉटेलात ‘मला चालतं’ असे म्हणून समोरच्या ताटाकडे पाहत राहणारी आपली मुले सौजन्याने वागतात खरी; पण तीन वर्षे चाललेले ‘चालतं’ चौथ्या वर्षी, एका स्वयंपाकघराचा प्रश्न आला की चालेनासे होते, आणि तेव्हा समोरच्याला फसविले गेल्यासारखे वाटते. आपल्या घरात काय शिजेल आणि काय कधीही शिजणार नाही, हे पहिल्या काही महिन्यांतच स्पष्ट बोलले जावे.

घड्याळाचे उदाहरण अधिक बोलके आहे. रमजानमध्ये मुस्लिम घराचा दिवसभराचा निर्जळी उपवास सूर्यास्ताला सुटतो, आणि नेमक्या त्याच घटकेला चौविहार पाळणाऱ्याचे ताट मिटते. दोघेही सूर्याकडे पाहून जेवतात, पण एका पंक्तीला बसू शकत नाहीत. याउलट काही साम्ये अनपेक्षित सापडतात. ॲश वेन्सडे आणि गुड फ्रायडेला मांस वर्ज्य करणाऱ्या कॅथलिक मुलीला पर्युषणातील त्याग समजावून सांगावा लागत नाही. माउंट मेरीची जत्रा सप्टेंबरात भरते आणि पर्युषण पुष्कळदा तिच्या आगेमागे येते. त्या दिवसांत एकमेकांच्या घरी काय चालले आहे हे पाहण्यासारखी दुसरी संधी नाही.

येथे अनेकांतवादाचे नाव फार सहज घेतले जाते. ‘सगळे धर्म सारखेच’ असे म्हणणे म्हणजे अनेकांत नव्हे. वस्तूला अनेक धर्म आहेत आणि प्रत्येक कथन एका अपेक्षेने खरे आहे, असे तो सिद्धांत म्हणतो. म्हणजे भेद नीट ओळखणे त्यात गृहीत आहे. जी मुले भेदाविषयी बोलायचे टाळून त्याला व्यापक दृष्टी म्हणतात, त्यांनी ही जबाबदारी उचललेली नसते.

मुलांचा प्रश्न याहून जड. कॅथलिक जोडीदाराला परधर्मीयाशी चर्चमान्य विवाह करावयाचा असेल तर चर्चची परवानगी लागते, आणि आपली मुले कॅथलिक म्हणून वाढविण्यासाठी शक्य ते सर्व करीन, असे वचन त्याला द्यावे लागते. दुसऱ्या जोडीदाराकडून वचन घेतले जात नाही. मात्र या वचनाची त्याला पूर्ण कल्पना दिली जाते. आपल्याकडे असे लेखी वचन नाही, पण आजीच्या मनात पाठशाळेची नोंद आधीच झालेली असते. लेखी नसलेली अपेक्षा मोजता येत नाही, म्हणून ती अधिक अडचणीची. लग्नाआधी धर्मांतर ही अट कोणत्याही बाजूने घातली जात असेल, तर थांबून विचार करावा. विशेष विवाह कायद्याने धर्मांतराची गरजच ठेवलेली नाही, मग ते कोणाला आणि कशासाठी हवे आहे, हे विचारणे रास्त आहे.

वांद्र्याने अशी घरे पाहिली आहेत. सुनील दत्त आणि नर्गिस यांचा विवाह ११ मार्च १९५८ रोजी झाला. पाली हिलवर त्यांचे घर होते. ३ मे १९८१ रोजी नर्गिस गेल्या, तेव्हा त्यांचा दफनविधी मुंबईच्या बडा कबरस्तानात झाला. पती हिंदू होते. वांद्र्यात वाढलेल्या कॅथलिक जेनेलिया डिसूझा आणि लातूरचे रितेश देशमुख यांनी ३ फेब्रुवारी २०१२ रोजी मराठी पद्धतीने आणि दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये विवाह केला; त्याआधी त्यांची ओळख जवळजवळ १० वर्षांची होती. प्रसिद्ध माणसांचे जीवन आपल्या घरांना मापाला बसत नाही, हे खरे. पण अंत्यविधी कोणत्या रीतीने व्हावा आणि विवाह किती रीतींनी व्हावा, हे प्रश्न त्यांनाही सुटले नाहीत, आणि दोन्ही वेळी उत्तर एकाच्या धर्माचा लोप करून काढलेले नव्हते.

वडीलधाऱ्यांसाठी एक सूचना, तीही व्यवहाराची. मुलाने किंवा मुलीने नाव सांगितले, तर उत्तर त्याच दिवशी देऊ नये. होकार किंवा नकार देण्याआधी त्या व्यक्तीला घरी बोलवावे. पहिल्या भेटीस रविवारची दुपार ठेवावी. संध्याकाळी बोलावले तर सूर्यास्ताची घाई होते आणि पाहुण्याला ती आपल्याविषयीची नाराजी वाटते. पर्युषणाचे दिवस या पहिल्या भेटीसाठी टाळावेत. त्या दिवसांत घर सर्वांत कडक असते आणि पाहुण्याला ते वर्षभर असेच असते असे वाटू शकते. जेवणात नेहमीचेच पदार्थ असावेत. ताटात काय नाही, याचा खुलासा मुलाने आधीच केलेला असावा. तिच्या आईवडिलांची चौकशी करावी, त्यांना हे ठाऊक आहे का ते विचारावे. कारण वांद्र्याच्या त्या बाजूलाही कोणीतरी आई असते, आणि तिचे नाव या सगळ्या चर्चेत आपल्या घरी बहुधा शेवटी निघते.